आधी पाच, मग पन्नास

धारवाडहून सकाळी सहाच्या आत फोन वाजला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सासरेबुवा उगाच फोन करणाऱ्यांतले नव्हेत. पलीकडून शांत आवाजात ते एवढंच म्हणाले, "मोटर सुट्ट होगेद." मोटार जळून गेली.

ही गोष्ट २००८ सालची, दिवाळीच्या अगोदरची. आदल्याच दिवशी मी धारवाडला जाऊन त्यांच्या बोअरच्या मोटारीला माझा नवा कंट्रोलर बसवून आलो होतो. टाकीतलं पाणी खाली गेलं की मोटार आपोआप सुरू, टाकी भरली की बंद, आणि बोअरचं पाणी तुटलं तरी बंद. मोटार जळू नये म्हणून जे यंत्र बसवलं, त्याच यंत्रानं पहिल्याच रात्री मोटार जाळली होती. आणि तसल्याच पन्नास यंत्रांचे बोर्ड माझ्या दुकानात खोक्यात बांधून ठेवलेले होते.

आमचं दुकान शहापुरात. वडिलांनी रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली, पुढं टेपरेकॉर्डर आले, मग टीव्ही. मी दुकानात बसू लागलो तोवर दुरुस्तीचा धंदा उतरणीला लागला होता. नवीन वस्तू स्वस्त होत गेल्या आणि जुनी दुरुस्त करण्यापेक्षा टाकून देणं लोकांना परवडू लागलं. तेव्हा वाटलं, दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करत बसण्यापेक्षा आपणच एखादी वस्तू का बनवू नये? पाण्याची अडचण बेळगावच्या प्रत्येक घराला ठाऊक होती. टाकी वाहून जाते आणि शेजारी ओरडतात, हेही सगळ्यांना ठाऊक. म्हणून हा कंट्रोलर.

वस्तू बनवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो बोर्डाचा. रेडिओचं झाकण उघडल्यावर आत जी हिरवी नाहीतर तपकिरी पाटी दिसते, जिच्यावर सगळे भाग बसवलेले असतात, ती म्हणजे पीसीबी, छापील सर्किटाची पाटी. वायरी ओढत बसण्याऐवजी तांब्याच्या रेघाच पाटीवर छापायच्या, ही कल्पना पॉल आयस्लर या व्हिएन्नात जन्मलेल्या इंजिनियरनं धरून लावली. १९३६ साली लंडनमध्ये त्यानं असल्या पाटीवर रेडिओ करून दाखवला. आज मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळं त्याच पाटीवर चालतं.

टबातली पाटी

सुरुवातीला मी बोर्ड घरीच करायचो. बाजारात हायलमची, एका अंगाला तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी मिळायची. तिच्यावर ऑइल पेंटनं नाहीतर मार्करनं रेघा काढायच्या आणि ती फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायची. जिथं रंग असेल तिथलं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. मग रंग पुसायचा, एक मिलिमीटरचं ड्रिल घेऊन भोकं पाडायची आणि डाग द्यायचा.

एक-दोन नग करायचे तर ही पद्धत आजही वाईट नाही, हात शिकतो. पण त्या पाण्याचा डाग कशानंच जात नाही. आईची एक स्टीलची परात आणि आमच्या सौ.च्या माहेरची एक इरकल साडी त्यात गेली. साडीचा विषय आमच्या घरी अजूनही अधूनमधून निघतो. शिवाय वापरलेल्या पाण्यात तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत ओतणं बरं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

पाच-सहा नग झाले की हात थकतो. एक रेघ कुठं तुटते, दोन रेघा कुठं चिकटतात. आणि या बोर्डावर तर २३० व्होल्ट येणार होते. घरच्या पाटीवर एवढा भरवसा ठेवायला मन धजेना. तेव्हा ठरवलं, बोर्ड कारखान्यातूनच करून घ्यायचे.

लग्नपत्रिकेचा हिशेब

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मी बेंगळूरला पोचलो. एस. पी. रोडवर भाग घेतले आणि तिथून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गेलो. मला वाटलं होतं, पन्नास बोर्डांचं गिऱ्हाईक म्हणून कुणी दारात उभं करणार नाही. पण मालकांनी मला आत नेऊन सगळं दाखवलं. मी बेळगावचा, घरात मराठी आणि सासरी कन्नड, हे कळल्यावर तर चहाही झाला.

तिथं पहिल्यांदा कळलं की कारखाना माझा बोर्ड एकेक करून करतच नाही. काचेच्या धाग्यांची आणि इपॉक्सीची, एफआर-४ नावाची मोठी पाटी असते. जाडी साधारण १.६ मिलिमीटर आणि दोन्ही अंगांना ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं. माझा बोर्ड ८ बाय १० सेंटिमीटरचा होता. १२ बाय १८ इंचांच्या एका पाटीवर कडेची जागा सोडून तसे बारा बोर्ड बसतात. आधी संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं सगळी भोकं पाडतात. मग भोकांच्या आतल्या भिंतींवर रसायनानं तांबं चढवतात, म्हणजे वरची रेघ खालच्या रेघेला जोडली जाते. त्यानंतर फिल्म, प्रकाश, धुलाई. मग वर हिरवा थर, पांढरी अक्षरं आणि शेवटी जिथं डाग द्यायचा तिथं कथलाचा मुलामा. सगळं झाल्यावर पाटीवर खाचा पाडून बोर्ड वेगळे करतात.

आता दराचं. दहा बोर्डांचा आणि पन्नास बोर्डांचा, असे दोन दर मी मागितले. दहांतला एक बोर्ड पन्नासांतल्या एका बोर्डाच्या जवळजवळ तिप्पट पडत होता. मी चकित झालो, तेव्हा मालकांनी विचारलं, "तुमच्याकडं लग्नपत्रिका छापतात की नाही?"

ते ऐकलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडच्या पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. प्रेसवाला पन्नास पत्रिकांनाही प्लेट तेवढ्याच करतो, पाचशेंनाही तेवढ्याच. यंत्र धुवायचं, शाई भरायची, जुळणी करायची, हा खर्च ठरलेला. पुढं लागतो तो फक्त कागद. बोर्डाचंही अगदी तसंच. फिल्म, ड्रिलची तयारी, तपासणीची तयारी, याला कारखाने टूलिंग म्हणतात. ते एकदाच द्यायचं. दहा बोर्ड मागितले तरी बाराची एक पाटी भरावीच लागते.

हा हिशेब खरा होता आणि त्यानंच माझा घात केला. मालक म्हणाले होते, "पहिला डिझाइन असेल तर आधी थोडे करून बघा." मी मनात गुणाकार केला. आधी दहा आणि मग पन्नास, म्हणजे खर्च जास्त आणि पंधरा दिवस उशीर. शहापूर, टिळकवाडी, अनगोळ इथल्या इलेक्ट्रिशियन लोकांनी दिवाळीच्या आत माल हवा म्हणून उचल दिली होती. बाकीचे पैसे पतसंस्थेतून काढले होते. मी म्हणालो, "एकदम पन्नासच करा."

कागदावर बरोबर

डिझाइन माझंच होतं. आधी संगणकावर सर्किटाचा नकाशा काढायचा, कुठला भाग कुठल्या भागाला जोडलाय तो. मग प्रत्येक भागाचा पाया द्यायचा, म्हणजे त्याच्या पायांची भोकं किती अंतरावर आणि कुठल्या क्रमानं आहेत ते. मग भाग बोर्डावर मांडायचे आणि रेघा ओढायच्या. शेवटी संगणक तपासतो. दोन रेघा फार जवळ आल्यात का, एखादी जोडणी राहिलीय का, भोक कडेला गेलंय का. माझ्या डिझाइनमध्ये एकही चूक निघाली नाही.

त्यातून प्रत्येक थराची एक अशा फायली निघतात. वरचं तांबं, खालचं तांबं, हिरवा थर, अक्षरं, बाहेरची कड आणि भोकांची वेगळी फाइल. त्यांना गर्बर फायली म्हणतात. हे नाव जोसेफ गर्बर यांच्या कंपनीवरून आलं. योगायोग बघा, तेही व्हिएन्नाचेच. नाझींच्या तावडीतून सुटून १९४० साली अमेरिकेत गेले. पाटीची कल्पना धरून लावणारा आणि पाटीच्या फायलीला नाव देणारा, दोघंही एकाच गावचे आणि दोघांनाही गाव सोडावं लागलं.

एका जुन्या मित्रानं सांगितलं होतं की बोर्ड पाठवण्याआधी त्याचा नकाशा कागदावर मूळ मापात छापायचा, भोकं टोचायची आणि खरे भाग त्यात बसवून बघायचे. मी तेही केलं. सगळे भाग कागदात बरोबर बसले. रिलेसुद्धा.

रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच. साखरेच्या वडीएवढा असतो म्हणून बाजारात त्याला शुगर क्यूब रिले म्हणतात. त्याला पाच पाय. दोन आतल्या गुंडाळीचे. उरलेल्या तिघांतला एक मधला, आणि दोन असे की गुंडाळीत करंट नसताना मधला पाय एकाला चिकटलेला असतो आणि करंट दिला की दुसऱ्याला चिकटतो. पहिल्याला एनसी म्हणतात, दुसऱ्याला एनओ. मोटारीचा कॉन्टॅक्टर एनओवर जोडायचा, म्हणजे कंट्रोलरनं हुकूम दिला तरच मोटार चालते. हुकूम नसेल तर मोटार बंद.

रिलेचं माहितीपत्रक बघून त्याचा पाया मी स्वतः काढला होता. त्या पत्रकात पायांचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, तळाकडून पाहिल्यास. ती ओळ मी वाचली नाही. तळाकडून दिसणारं चित्र मी वरून दिसतंय असं समजून काढलं. म्हणजे आरशातलं झालं, डावं ते उजवं.

आणि गंमत अशी की या रिलेचे पाय दोन्ही अंगांना सारखेच असतात. उलटा पाया काढला तरी रिले भोकांत नीट बसतो. म्हणून कागदावर कळलं नाही, संगणकालाही कळलं नाही. गुंडाळीचे दोन पाय आपसांत बदलले, त्यानं काही बिघडत नाही. पण एनओच्या जागी एनसी आला. म्हणजे माझा कंट्रोलर जेव्हा 'चालू' म्हणणार तेव्हा मोटार बंद होणार, आणि 'बंद' म्हणणार तेव्हा चालू.

दुकानात मी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. पाण्याच्या सळया बादलीत बुडवल्या, बाहेर काढल्या. लाल दिवा लागला, रिले टक्‌ वाजला. पण तो दिवा गुंडाळीवर होता. पुढं खरा बल्ब जोडून बघायला हवा होता. तेवढं मी केलं नाही, कारण दिवाळी जवळ आली होती.

धारवाडची रात्र

पहिला नग घरच्या माणसाच्या घरी बसवायचा, असं सौ.चं म्हणणं. सासरेबुवा निवृत्त मास्तर, मुलीचा शब्द त्यांनी मोडला नाही. मी पोचलो तेव्हा लाइट गेलेले. तासाभरात येतील म्हणून सगळी जोडणी करून ठेवली. तीन तास झाले तरी लाइट आले नाहीत. बेळगावची शेवटची बस चुकेल म्हणून मी निघालो. निघताना सांगितलं, "काळजी करू नका मामा, आता मोटारीकडं बघायचं कारण नाही."

लाइट आले रात्री, सगळे झोपल्यावर. टाकी अर्धी भरलेली होती, म्हणून कंट्रोलरनं मोटार 'बंद' ठेवली. म्हणजे मोटार चालू झाली. टाकी भरली, कंट्रोलर म्हणाला, बंदच राहू दे. मोटार चालूच राहिली. टाकी गटारीत वाहू लागली. पहाटे कधीतरी बोअरचं पाणी तुटलं, कंट्रोलरनं पुन्हा सांगितलं, बंद. आणि मोटार कोरडीच फिरत राहिली, जळेपर्यंत.

मी सकाळच्या पहिल्या गाडीनं धारवाडला गेलो. बोअरमधून मोटार वर काढायला माणसं बोलावली, वाइंडिंगला दिली. ती वर काढायचे, खाली सोडायचे आणि वाइंडिंगचे मिळून पैसे माझ्या पन्नास बोर्डांच्या बिलापेक्षा जास्त झाले. सासरेबुवांनी एक शब्दही वाकडा काढला नाही. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या नळावरून घागरी आणाव्या लागल्या. सासूबाईंना मला घागर उचलू देणं बरं वाटेना आणि मला त्यांना उचलू देणं बरं वाटेना. शेवटी दोघांनी मिळून आणल्या.

फुकटातली दुरुस्ती

चूक सापडायला अर्धा तास लागला. ती दुरुस्त करायला त्याहून कमी वेळ लागला असता. कंट्रोलरच्या आत वीस पायांची एक छोटी चिप होती, तिच्यात मी लिहिलेला प्रोग्रॅम. त्यातल्या दोन ओळी उलट केल्या की झालं. जिथं रिले ओढायचा तिथं सोडायचा, जिथं सोडायचा तिथं ओढायचा. पन्नास बोर्ड वाचतात, खर्च शून्य, कुणाला कळणारही नाही.

दुपारी जेवताना मी हे सासरेबुवांना सांगितलं, थोड्या आनंदानंच. त्यांना इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नव्हतं. ते भात कालवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचा तो कंट्रोलरच बिघडला तर?"

मी म्हणालो, "मग रिले सुटतो."

"रिले सुटला की मोटारीचं काय होतं?"

मी गप्प झालो. प्रोग्रॅम उलटा केला तर रिले सुटणं म्हणजे मोटार चालू होणं. चिप बंद पडली, आतला पाच व्होल्टचा पुरवठा गेला, एखादा डाग सुटला, काहीही झालं तरी मोटार चालू. मोटार वाचवणारं यंत्र मेलं तर मोटार चालूच राहणार.

ते म्हणाले, "नोड्री, यंत्र केट्टरे मोटर निल्लबेकु. ओडबारदु." बघा, यंत्र बिघडलं तर मोटार थांबली पाहिजे. चालता कामा नये.

इंजिनियर लोक ज्याला फेल-सेफ म्हणतात, ते एका कन्नड मास्तरांनी मला एवढ्या चार शब्दांत शिकवलं. त्यांची स्वतःची मोटार त्या वेळी वाइंडिंगवाल्याकडं उघडी पडलेली होती, हे लक्षात घ्या.

बेळगावला परत आलो. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही हे ठरलं, पण करायचं काय? तांब्याच्या रेघा कापून वर वायरी टाकता आल्या असत्या. पण २३० व्होल्टच्या बोर्डावर असली ठिगळं लोकांच्या घरात लावायची माझी तयारी नव्हती. पन्नास बोर्ड फेकून नवे करायचे तर पतसंस्थेत तोंड कसं दाखवायचं? रात्री खोकं उघडून बसलो होतो. सौ. शिलाई मशीनवर होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "ब्लाउजचं कापड उलटं कापलं गेलं तर मी काय करते?"

"काय करतेस?"

"कापड दोन्हीकडून सारखं असलं तर दुसरी बाजू वर घेते."

मी बोर्ड हातात घेऊन उलटा केला. बोर्ड दोन्ही अंगांना तांब्याचा, भोकांतून तांबं चढवलेलं. पाया आरशातला होता. मग रिले आरशाच्या पलीकडून, म्हणजे बोर्डाच्या खालच्या अंगानं बसवला, तर एनओ एनओच्या जागी आणि एनसी एनसीच्या जागी येतो! खाली त्या जागेत दुसरं काहीच नव्हतं.

पन्नासच्या पन्नास रिले आम्ही खालून बसवले. रिलेची उंची सामावायला बोर्डाखाली उंच स्पेसर टाकावे लागले आणि डबे मोठे घ्यावे लागले. नफा सगळा त्यात गेला. पण या वेळी प्रत्येक नगाला खरा बल्ब जोडून बघितला, आणि बल्ब चालू असताना चिप सॉकेटमधून उपटूनही बघितली. बल्ब विझला तरच नग पास. इलेक्ट्रिशियन लोकांना खरी हकीकत सांगितली, दिवाळी टळून गेली, दोघांनी उचल परत घेतली. बाकीचे थांबले. आणि धारवाडला दुरुस्त केलेला पहिला नग बसवायला गेलो तेव्हा लाइट असतानाच गेलो, आणि टाकी एकदा भरून बंद होईपर्यंत तिथून हललो नाही.

आज कुणाला बोर्ड करून घ्यायचे असतील तर

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या भागातली इंजिनियरिंगची मुलं, उद्यमबागेतले छोटे कारखानदार, अगदी पिठाच्या गिरणीवाले सुद्धा मला विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

डिझाइनसाठी महागडा प्रोग्रॅम विकत घ्यायची गरज राहिलेली नाही. कीकॅड नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे आणि धंद्यासाठीही वापरता येतो. जाँ-पिएर शारास या फ्रेंच शिक्षकांनी १९९२ साली तो सुरू केला, पुढं जिनिव्हाच्या सर्न या संशोधन संस्थेनंही त्याला हातभार लावला. शिकायला महिनाभर चिकाटी लागते, बस्स.

कारखान्यांचंही चित्र बदललं आहे. बेंगळूर, पुणे इथं थोडे बोर्ड करून देणारे आहेत. २०१० नंतरच्या वर्षांत चीनमधले कारखाने अनेक गिऱ्हाइकांचे बोर्ड एकाच मोठ्या पाटीवर मांडून टूलिंगचा खर्च वाटून घेऊ लागले. लग्नपत्रिकेच्या एका प्लेटवर चार घरांची लग्नं छापावीत, तसं. त्यामुळं लहान मापाचे पाच बोर्ड काही डॉलरांत होऊ लागले. मात्र त्यावर कुरियर आणि कस्टम्स बोर्डांच्या किमतीपेक्षा जास्त पडू शकतं. दोन्हीकडचे दर मागून, पूर्ण हिशेब करूनच ठरवा.

कारखान्याला पाठवताना या गोष्टी स्वच्छ लिहून द्या. किती थर, पाटीची जाडी, तांब्याची जाडी, बोर्डाचं माप, नग किती, आणि विजेची तपासणी हवी की नको. हवीच म्हणा. गर्बर फायली पाठवण्याआधी गर्बर दाखवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. कारखाना तुम्ही पाठवलं तेच करतो, तुमच्या मनात होतं ते नव्हे.

रेघा हात राखून काढू नका. ३५ मायक्रॉन तांब्याची एक मिलिमीटर रुंद रेघ साधारण दोन अँपिअर आरामात वाहते. मोटारीच्या वाटेवर त्याहून खूप रुंद हवी. घरगुती २३० व्होल्टची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांत मी सहा मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवतो आणि मध्ये पाटीला आरपार खाच मारून घेतो, म्हणजे धूळ आणि ओल साचून वीज पलीकडं जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही खाच फार उपयोगी पडते.

भागांचे पाय प्रत्येक वेळी त्याच कंपनीच्या माहितीपत्रकातून बघा, आणि चित्र वरून आहे की तळाकडून ते आधी वाचा. दिसायला सारखे असलेले भाग पायांनी वेगळे असतात. बीसी५४७ ट्रान्झिस्टर सपाट बाजू आपल्याकडं धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा येतो. त्याच रूपाचा पीएन२२२२ नेमका उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर. ७८०५ आणि ७९०५ हे दोन रेग्युलेटर जुळे भाऊ दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसवला तर धूर निघेल. कागदावर छापून भाग बसवून बघाच. पण भाग बसला म्हणजे बरोबर झाला असं नव्हे, हे माझ्या रिलेनं मला शिकवलं.

बोर्डावर तारीख आणि कितवी आवृत्ती ते छापा. आम्ही टर्मिनलची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही छापतो. लावणारा वायरमन कुठलाही असो, त्याला वाचता आलं पाहिजे. पूर्वी अक्षरांची चित्रं करून ती बोर्डावर चढवावी लागत. कीकॅडच्या २०२३ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून संगणकातले फॉन्ट वापरता येतात. फक्त अक्षरं फार लहान करू नका. इंग्रजी अक्षर जिथं वाचता येतं तिथं आपल्या वेलांट्या आणि कन्नडचे ओत्तक्षर यांचा पांढरा ठिपका होतो.

आणि शेवटचं, जे मला पन्नास रिले उलटे बसवून कळलं. पहिल्यांदा थोडेच करा. त्यातला एक पूर्ण जोडा, खऱ्या ओझ्यावर चालवा, मुद्दाम बिघडवून बघा. मगच पन्नास. ते पाच बोर्ड महाग वाटतात, कारण एका बोर्डाला किती पडले हे आपण बघतो. त्यांनी आपल्याला कशापासून वाचवलं, त्याचं बिल कुणी पाठवत नाही.

सासरेबुवा आता नाहीत. आमच्या प्रत्येक कंट्रोलरच्या बोर्डावर रिलेच्या शेजारी बारीक अक्षरांत कन्नडमध्ये एक शब्द छापलेला असतो, निल्लबेकु. बरेच वायरमन विचारतात, ही काय सूचना आहे? मी सांगतो, हीच मुख्य सूचना आहे.

गेल्या महिन्यात मुलीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा बोर्ड करायचा होता. तिनं दर मागवले, फोन घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाबा, वीस मागवले तर एकेक कितीतरी स्वस्त पडतो." मी तोंड उघडायच्या आधीच शिलाई मशीनवरून आवाज आला, "पाचच मागव."